वावडे आणि रक्ताचा दाखला

मराठीत ‘वावडे’ हा एक जुना आणि फार सोयीचा शब्द आहे. कोणाला वांगे खाल्ले की जिभेला खाज सुटते, कोणाचे पेलाभर दूध प्यायले की पोट गुबारते, कोणाला शेपूचा नुसता वासही सोसत नाही, आणि कोणाच्या तोंडात कोळंबीचा एक घास गेला की पाच-दहा मिनिटांत ओठ सुजून, सर्वांगावर गांधी उठून, श्वास कोंडू लागतो. या चौघांच्याही बाबतीत त्या त्या पदार्थाचे वावडे आहे एवढेच आपण सांगतो आणि ऐकणाऱ्यालाही ते पुरते. परंतु वैद्यकाच्या दप्तरात या चौघांची नोंद एका सदरात होऊ शकत नाही. शेपूचा वास न सोसणे ही केवळ नावड होय. दुधाने पोट गुबारणे हे बहुधा दुधातील शर्करा पचविणारे लॅक्टेज नावाचे विकर आतड्यात कमी पडल्याचे लक्षण असते आणि त्याचा ॲलर्जीशी संबंध नसतो. वांग्याच्या खाजेविषयी नीट शहानिशा केल्यावाचून काही सांगता येत नाही. कोळंबीचा प्रकार मात्र खऱ्या अर्थाने ॲलर्जीचा, प्रसंगी प्राणावर बेतणारा असतो. हा निवाडा कसा करावयाचा, आणि त्यात प्रयोगशाळेतील तपासणीचा वाटा किती, हे सामान्य वाचकास समजावून सांगावे असे माझ्या मनाने घेतले, त्यास एक घरगुती निमित्त घडले.

साताऱ्यास राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांचा सहा वर्षांचा नातू दोन-तीन दिवस तापाने आजारी होता. ताप उतरता उतरता त्याच्या अंगावर गांधी उठू लागल्या, त्या आठवडाभर येत-जात राहिल्या, आमसुलाचे पाणी लावून झाले, औषधे झाली, आणि अखेर काळजीने हवालदिल झालेल्या आईबापांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून, एकाच वेळी कित्येक डझन पदार्थांचा अंदाज घेणारी रक्ताची मोठी तपासणी करून आणली. तीन पानांच्या त्या अहवालात दूध, गहू, शेंगदाणा, तीळ आणि तूरडाळ या नावांपुढे ‘पॉझिटिव्ह’ असा शेरा होता. अहवाल हाती येईपर्यंत गांधी मावळल्याही होत्या. तरी त्या शेऱ्याचा अंमल दुसऱ्याच दिवसापासून सुरू झाला, आणि मुलाचे दूध, पोळी, दाण्याची चटणी, आमटी, तिळाचा लाडू, सारे जे बंद झाले ते चार महिने बंदच राहिले. वाढत्या वयात मुलाचे वजन दीड किलोने उतरले. मी भेटावयास गेलो तेव्हा त्याची आजी मला म्हणाली, “अहो भाऊ, ताप यायच्या आदल्या रात्रीपर्यंत हा दूध-पोळी कुस्करून खात होता. एक दिवस कधी काही झालं नाही. मग कागदात आलंय ते खरं कसं मानायचं?” त्या माउलीने नकळत विषयाच्या मर्मावरच बोट ठेवले होते.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली दोन ग्रीक शब्दांच्या संयोगातून घडविला. एखाद्या परक्या द्रव्याशी एकदा गाठ पडल्यानंतर शरीर दुसऱ्या वेळी त्याला निराळ्या रीतीने प्रतिसाद देते, एवढाच त्याचा मूळ आशय होता. जी संरक्षक यंत्रणा जंतूंचा बंदोबस्त करण्यासाठी निसर्गाने आपल्याला दिली, तीच कधी परागकण, धूळ, शेंगदाणा यांसारख्या निरुपद्रवी वस्तूंना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडते, आणि त्या धुमश्चक्रीची झळ आपल्याच नाकाला, त्वचेला, श्वासनलिकांना लागते. परंतु शत्रूची ही ओळख शरीराने नेमकी कोठे जपून ठेवलेली असते, याचा स्पष्ट पुरावा मिळण्यास १९२१ साल उजाडावे लागले. आणि तो ज्या रीतीने मिळाला ती हकिकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

ब्रेस्लाऊ, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेले व्रोत्सवाफ, या शहरात कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर असे दोन डॉक्टर काम करीत होते. क्युस्टनर यांना शिजविलेल्या माशाचे तीव्र वावडे होते. प्राउस्निट्झ यांना गवताच्या परागकणांनी शिंका व सर्दीचा त्रास होत असे, मात्र मासे ते सुखाने खात. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातील रक्तरस काढून त्याचा अगदी थोडा अंश स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. पाहता पाहता त्या जागी, आणि केवळ त्याच जागी, लाल कडा असलेली गांध उठली. माशाचे वावडे एका माणसाच्या रक्तरसाबरोबर दुसऱ्याच्या कातडीत जाऊन बसले होते. म्हणजे त्या वावड्याचे कारण असणारे द्रव्य रक्तात वाहत होते यात संशय उरला नाही. उलट बाजूचा प्रयोग, म्हणजे प्राउस्निट्झ यांचा रक्तरस क्युस्टनर यांच्या त्वचेत टोचून परागकणांनी गांध उठविण्याचा प्रयत्न, साधला नाही. तरीही पुढे अनेक दशके, त्या अज्ञात द्रव्याचा शोध घेण्याचे दुसरे साधनच नसल्यामुळे, एका जिवंत माणसाची कातडी हीच ॲलर्जीची प्रयोगशाळा होऊन राहिली. रक्तरसाबरोबर काविळीसारखे रोगही दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतात हे ध्यानी आल्यावर ही पद्धत मागे पडली, आणि ते योग्यच झाले.

ते द्रव्य हाती लागण्यास आणखी पंचेचाळीस वर्षे गेली. १९६६ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी संशोधक दांपत्याने, रॅगवीड नावाच्या वनस्पतीच्या परागांचा त्रास असणाऱ्या रुग्णांच्या रक्तरसातून ते वेगळे करून दाखविले. त्यासाठी लागणाऱ्या त्वचेवरील परीक्षा त्यांनी आपल्याच पाठींवर करून घेतल्या. त्याच सुमारास स्वीडनमधील उप्साला येथे गुन्नार योहान्सन आणि हान्स बेनिच यांना अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तात पूर्वी कोणी न वर्णिलेले एक प्रतिपिंड विपुल प्रमाणात सापडले. दोन्ही गटांना एकच वस्तू गवसली होती, हे पडताळून १९६८ साली लोझान येथील जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत तिचे ‘इम्यूनोग्लोब्युलिन ई’, म्हणजेच संक्षेपाने आयजीई, असे नामकरण झाले. ही दिरंगाई कशामुळे झाली ते आकड्यांवरून कळते. आपल्या एक लिटर रक्तरसात इम्यूनोग्लोब्युलिन जी हे नेहमीचे प्रतिपिंड सुमारे दहा ग्रॅम असते, तर आयजीईची पातळी दर मिलिलिटरमागे १०० युनिट असणाऱ्या माणसाच्या तेवढ्याच रक्तरसात ते अवघे २४० मायक्रोग्रॅम भरते. एवढे अत्यल्प द्रव्य मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे चिकटून राहते, त्याच्या ओळखीचा पदार्थ येताच त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामीन व अन्य द्रव्ये ओततात, आणि काही मिनिटांत माणसाचे रूप पालटते.

आज आपण लॅबमध्ये जी ‘ॲलर्जीची रक्ततपासणी’ करून घेतो तिचा जन्म १९६७ साली उप्सालाच्या याच मंडळींच्या हातून झाला. कागदाच्या लहानशा चकतीवर परागाचा अथवा दुसऱ्या एखाद्या पदार्थाचा अर्क पक्का बसवायचा, त्यावर रुग्णाचा रक्तरस सोडायचा, त्यात त्या पदार्थाला ओळखणारे आयजीई असेल तर ते चकतीला चिकटून राहते, मग चकती धुऊन घेऊन, चिकटलेल्या आयजीईला धरणारे किरणोत्सर्गी खूण लावलेले दुसरे प्रतिपिंड वर सोडायचे, आणि किरणोत्सर्ग मोजून आयजीईचा अंदाज बांधायचा, अशी सुरुवातीच्या काळातील रीत होती. आता किरणोत्सर्गाच्या जागी प्रकाशणारी रसायने आली आहेत आणि मोजमाप यंत्रे करतात, परंतु तत्त्व तेच आहे. निकाल किलो-युनिट प्रति लिटर या मापात येतो, आणि ०·३५ ही मर्यादा ओलांडली की ‘पॉझिटिव्ह’ लिहिण्याचा प्रघात वर्षानुवर्षे चालत आला. नवी यंत्रे ०·१ इतकी सूक्ष्म मात्राही टिपतात.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे, कारण पुढील सारा घोटाळा या एका ठिकाणी होतो. ही तपासणी एवढेच सांगते की अमुक पदार्थाला ओळखणारे आयजीई या माणसाच्या रक्तात आहे. तो पदार्थ खाल्ल्यावर किंवा हुंगल्यावर या माणसाला त्रास होतो, असे ती सांगत नाही. ते सांगण्याचे सामर्थ्य तिच्या अंगी नाही. ओळख असणे आणि वैर असणे यांत जे अंतर आहे ते अंतर संवेदन आणि ॲलर्जी यांत आहे. हे अंतर किती मोठे असते याचा आपल्या शेजारचाच दाखला आहे. कर्नाटकात प्रौढ व्यक्तींवर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. कोणत्या ना कोणत्या अन्नपदार्थाविरुद्ध आयजीई बाळगणारी माणसे तीत सुमारे २६ टक्के आढळली, आणि खरोखर अन्नाची ॲलर्जी असण्याचा संभव ज्यांच्याबाबत दिसला ती अवघी १·२ टक्के. म्हणजे केवळ रक्ताच्या दाखल्यावरून जर कोणी अन्न बंद करण्याचा हुकूम काढू लागला, तर एका खऱ्या रुग्णामागे कितीतरी निरोगी माणसांची ताटे तो रिकामी करील. साताऱ्याच्या त्या मुलाचे नेमके हेच झाले होते.

मग आकड्याला काहीच अर्थ नाही काय? तसे मुळीच नाही. आकडा जितका मोठा तितकी त्रास होण्याची संभाव्यता अधिक, हे निश्चित. अमेरिकेतील ह्यू सॅम्पसन यांनी २००१ साली असे दाखवून दिले की ज्यांच्याबद्दल आधीच संशय आहे अशा मुलांत अंड्यासाठी ७, शेंगदाण्यासाठी १४ आणि दुधासाठी १५ किलो-युनिट ही पातळी गाठली गेली असेल, तर शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव मुलांना तो पदार्थ खाल्ल्यावर खरोखर त्रास होतो. परंतु हे आकडे त्यांच्या चिकित्सालयात आलेल्या मुलांचे आहेत. निराळ्या आहाराच्या, निराळ्या हवेच्या, जंतांच्या प्रादुर्भावाच्या आपल्या मुलांना ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. दुसरे असे की मोठा आकडा त्रासाची शक्यता सांगतो, त्रासाची तीव्रता सांगत नाही. लहान आकड्याच्या माणसालाही प्राणघातक झटका आल्याची उदाहरणे आहेत आणि मोठ्या आकड्याचा माणूस नुसत्या ओठांच्या खाजेवर निभावलेला आहे. अहवालावर ‘श्रेणी ४’ किंवा ‘श्रेणी ५’ असे छापलेले पाहून जे लोक त्याला आजाराची पायरी समजतात त्यांची येथे फसगत होते.

कोकणाच्या आणि मुंबईच्या वाचकांस कोळंबीचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. कोळंबीतील ज्या प्रथिनामुळे बहुतेकांना त्रास होतो त्याचे नाव ट्रोपोमायोसिन. ते तापविले तरी नाश पावत नाही, म्हणून कढीत उकळलेली कोळंबीही कच्चीइतकीच बाधते. हे प्रथिन हेच कोळंबीतील प्रमुख ॲलर्जीकारक होय, हे सिद्ध करणारे महत्त्वाचे काम आपल्याच किनाऱ्यावरील कोळंबीच्या जातीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी केले आणि ते १९९३ साली प्रसिद्ध झाले, याचा मला अभिमान वाटतो. आता गमतीची नव्हे तर गांभीर्याने घेण्याची गोष्ट अशी की हेच प्रथिन, थोड्याफार फरकाने, झुरळात आणि गाद्या-उशांच्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म माईटमध्येही असते. दमट हवेत वाढलेल्या ज्या माणसाच्या शरीराने धुळीच्या माईटची ओळख करून ठेवली आहे, त्याच्या रक्तात कोळंबीची तपासणीही पॉझिटिव्ह येऊ शकते, जरी तो माणूस आयुष्यभर सुखाने कोळंबीभात खात आलेला असला तरी. याच्या उलट, ज्याला खरोखर कोळंबीची ॲलर्जी आहे त्याच्या घरी पुष्कळदा मासळीच समूळ वर्ज्य होते, आणि हाही अन्यायच आहे. कारण पापलेट, सुरमई, बांगडा यांतील ॲलर्जीकारक प्रथिन पार्व्हाल्ब्युमिन हे अगदी निराळे आहे, आणि कोळंबी-खेकडे वर्ज्य असणाऱ्या बहुसंख्य माणसांना काटेरी मासळी चालते. खुद्द बांगड्याच्या बाबतीत आणखी एक प्रकार ध्यानात ठेवावा. नीट बर्फात न ठेवलेल्या बांगड्यात जीवाणू हिस्टामीन तयार करतात, ते खाणाऱ्या पंगतीतील बहुतेकांचे चेहरे लालबुंद होतात, डोकी ठणकतात, गांधी उठतात, आणि सारे चित्र हुबेहूब ॲलर्जीचे दिसते. परंतु ती विषबाधा असते, आणि अशा माणसांच्या रक्तात माशाविरुद्धचे आयजीई सापडत नाही. प्रयोगशाळेच्या नकारार्थी उत्तराचे मोल अशा वेळी कळते.

रक्तापेक्षा जुनी, स्वस्त आणि पुष्कळ बाबतींत अधिक संवेदनक्षम अशी जी दुसरी परीक्षा आहे ती त्वचेवर थेंब ठेवून सुईने हलकेच टोचण्याची, जिला सर्वत्र प्रिक टेस्ट म्हणतात. शेजारी हिस्टामीनचा एक आणि साध्या क्षारजलाचा एक थेंब तुलनेसाठी टोचतात, पंधरा-वीस मिनिटे थांबतात, आणि तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांध उठली तर ती ग्राह्य धरतात. तीही संवेदनच सांगते, त्यापलीकडे नाही. ॲलर्जीवरील नेहमीच्या गोळ्या चालू असल्यास गांध दबते, म्हणून सुमारे आठवडाभर आधी त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवाव्या लागतात. ज्यांना त्या थांबविणे शक्य नाही, किंवा ज्यांच्या अंगभर इसब आहे, त्यांच्यासाठी रक्ताची तपासणी अधिक सोयीची, कारण तिच्यावर त्या गोळ्यांचा परिणाम होत नाही.

एका प्रकारच्या तपासणीबद्दल मात्र मला स्पष्ट आणि कठोर शब्दांत लिहिले पाहिजे. अन्नपदार्थांविरुद्धचे इम्यूनोग्लोब्युलिन जी, विशेषतः त्याचा चौथा उपप्रकार, मोजून ‘फूड इंटॉलरन्स’ची शे-दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या तपासण्या मोठ्या किमतीला विकल्या जातात. युरोपच्या ॲलर्जी-तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली, आणि पुढे अमेरिकेच्या व कॅनडाच्या संघटनांनीही, या तपासण्या निदानासाठी वापरू नयेत असे जाहीर केले आहे. आपण जे नित्य खातो त्याविरुद्ध हे प्रतिपिंड तयार होणे हे शरीराने ते अन्न पाहिल्याचे, आणि पुष्कळदा ते बिनतक्रार स्वीकारल्याचेच, चिन्ह असते. ज्या घरी रोज भाकरी आणि ताक असते त्या घरच्या माणसाला ज्वारी आणि ताक वर्ज्य सांगणारा कागद हाती मिळावा, यापरते दुर्दैव कोणते? असल्या तपासणीवर एक पैसाही खर्च करू नये.

आपल्या देशात आणखी दोन आकडे फार लोकप्रिय आहेत. एक एकूण आयजीई, दुसरा इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या, जिच्यावरून घरोघर ‘इस्नोफिलिया’ हा शब्द रूढ झाला. हे दोन्ही आकडे ॲलर्जीत वाढतात हे खरे. पण आतड्यातील जंतांनीही ते वाढतात, आणि ते कित्येक पटींनी वाढू शकतात. १९४३ साली वाइनगार्टन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ या नावाने एक विकार वर्णिला, ज्यात रात्री खोकला आणि धाप, वजनात घट आणि रक्तात इओसिनोफिलची प्रचंड वाढ दिसते. हा दमा नसून हत्तीरोगाच्या कृमींना दिलेला शरीराचा अतिरेकी प्रतिसाद आहे हे पुढे सिद्ध झाले, आणि त्याला डायइथिलकार्बमाझिन हे हत्तीरोगावरचेच औषध लागू पडते. विदर्भातील नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हे हत्तीरोगाचे जुने जिल्हे; तेथून आलेल्या रुग्णाचा वाढलेला आयजीई पाहून त्याला निव्वळ ‘ॲलर्जिक’ ठरविणे हे निदान होत नाही.

जेथे रक्ताची कोणतीही तपासणी उपयोगी पडत नाही, अशीही ॲलर्जी आहे, आणि तिचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या मातीतच उगवलेले आहे. काँग्रेस गवत, गाजर गवत, चटकचांदणी अशा नावांनी आपण ओळखतो ती पार्थेनियम ही वनस्पती १९५५-५६च्या सुमारास पुण्यात नजरेस आली आणि पाहता पाहता साऱ्या देशाच्या पडीक जमिनीवर पसरली. साठीच्या दशकात पुण्याच्याच त्वचारोगतज्ज्ञांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचादाहाची नोंद केली. शेतकऱ्याच्या पापण्या, मान, कोपराची लवण, जेथे जेथे हवा आणि धूळ उघड्या अंगास लागते तेथे कातडी लाल होऊन जाड पडते, चिरते, रात्रंदिवस खाजते, आणि वर्षानुवर्षे हा भोग सरत नाही. येथे आयजीईचा काही हात नसतो. पार्थेनिन नावाच्या रसायनाची ओळख लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी हे काम करतात, तेही मिनिटांत नव्हे तर एक-दोन दिवसांनी. म्हणून अशा माणसाचे रक्त कितीही वेळा तपासले तरी उत्तर मिळत नाही, आणि नकारार्थी अहवाल हाती घेऊन तो पुन्हा त्याच बांधावर खुरपणीस जातो. त्याच्यासाठी परीक्षा आहे ती पॅच टेस्ट. योसेफ याडासोन यांनी १८९५ साली सुचविलेल्या या रीतीत संशयित द्रव्याच्या चकत्या पाठीला चिकटवून अठ्ठेचाळीस तास ठेवतात, काढल्यावर एकदा आणि पुढे आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा त्वचा पाहतात. पाठ ओली करावयाची नाही, घामाचे काम करावयाचे नाही, दोन-तीन वेळा दवाखान्यात यावयाचे. मजुरीवर पोट असलेल्या माणसाला हे सोपे नाही. पण उत्तर मिळते ते येथेच, आणि माझ्या मते ग्रामीण रुग्णालयांतून या साध्या परीक्षेची तजवीज होणे हे नव्या महागड्या यंत्रापेक्षा अधिक निकडीचे आहे.

निदान झाल्यावरही प्रयोगशाळेचे काम संपत नाही. दुधाचे किंवा अंड्याचे वावडे असलेली बहुसंख्य मुले वाढत्या वयात त्यातून मुक्त होतात. वर्षा-दीड वर्षाने पुन्हा घेतलेल्या तपासणीत आकडा उतरणीस लागलेला दिसला, तर तो पदार्थ रुग्णालयात देऊन पाहण्याची वेळ आली असे समजते. दम्याच्या काही रुग्णांच्या श्वासनलिकांत ॲस्परजिलस नावाची बुरशी ठाण मांडते आणि तिच्याविरुद्ध शरीर उसळून उठते. आपल्याकडे अशा रुग्णांना क्षयरोगी समजून महिनोगणती क्षयाची औषधे दिली गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. येथे एकूण आयजीईचा आकडा, ज्याची निदानाची मर्यादा पूर्वी १००० मानीत आणि अलीकडे ५०० मानतात, खरोखर मार्गदर्शक ठरतो, आणि उपचारानंतर दर काही आठवड्यांनी तो मोजून औषध लागू पडते की नाही ते ठरवितात. तो सर्वसामान्य पातळीवर येण्याची वाट पाहावयाची नसते. तो स्वतःच्या मूळ आकड्याच्या मानाने किती उतरला हे पाहावयाचे असते.

असेच एक तुलनेचे माप ट्रिप्टेजचे आहे. मधमाशीच्या दंशाने किंवा भुलीच्या औषधाने माणूस एकाएकी कोसळला, तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीचा प्राणघातक झटका, होती की दुसरे काही, याचा पुरावा मास्ट पेशींतून बाहेर पडणारे हे विकर देते. परंतु रक्त चार तासांच्या आत घेतले पाहिजे, आणि पुढे माणूस बरा झाल्यावर, निदान चोवीस तासांनी, दुसरा नमुना घेतला पाहिजे. बरे असतानाच्या आकड्याची १·२ पट करून त्यात २ मिळवावे, आणि झटक्याच्या वेळचा आकडा त्याहून अधिक असेल तर पेशी फुटल्या होत्या असे मानावे. ज्याचा नेहमीचा आकडा ५ आहे त्याची मर्यादा ८ येते. म्हणजे झटक्याच्या वेळी ९ भरलेला आकडा, छापील कागदावर ‘नॉर्मल’ या रकान्यात बसत असूनही, घडल्या प्रकाराचा सबळ पुरावा होय. अर्थात हे रक्त घेण्याकरिता उपचार एक क्षणही थांबवावयाचा नसतो.

अन्नाच्या बाबतीत अंतिम निकाल देणारी परीक्षा एकच, आणि ती म्हणजे तो पदार्थ डॉक्टरांच्या नजरेखाली, कणाकणाने वाढवीत, प्रत्यक्ष खाऊन पाहणे. विनाकारण टाळणे ही सुरक्षित बाजू आहे, असा पूर्वी समज होता. २०१५ साली लंडनमध्ये गिडिअन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोक्याच्या गटातील ६४० तान्ह्या मुलांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना शेंगदाणा वर्ज्य केला त्यांच्यापैकी १७·२ टक्के मुलांना पाच वर्षांचे होईपर्यंत शेंगदाण्याची ॲलर्जी जडली, आणि ज्यांना तो लहानपणापासून नियमाने दिला त्यांच्यापैकी ३·२ टक्क्यांना. या दोन आकड्यांतील अंतर पाहिल्यावर, एखाद्या मुलाच्या ताटातून पदार्थ काढून टाकण्यापूर्वी कोणाचाही हात थबकावा.

साताऱ्याच्या मुलाची हकिकत पुरी करावयाची राहिली. अखेर ज्या बालरोगतज्ज्ञांकडे त्याला नेले त्यांनी तीन पानांचा तो अहवाल बाजूस ठेवून प्रथम आजीची जबानी घेतली: मूल काय खात होते, किती खात होते, खाल्ल्यावर किती वेळात काय झाले, गांधी तापाच्या आधी की नंतर, एकच गांध किती तास टिकली. पाऊण तास त्यांनी विचारपूस केली. तापाच्या विषाणूनेच त्या गांधी उठल्या असाव्यात, असा त्यांचा कयास झाला, आणि मग एकेक पदार्थ त्यांनी रुग्णालयात समोर बसवून खाऊ घातला. पाचांपैकी एकानेही काही केले नाही. संक्रांतीला त्या घरी तिळाचे लाडू झाले.

ज्यांच्या घरी असा एखादा कागद असेल आणि त्यापायी एखाद्या मुलाचे दूध किंवा दाणे बंद झाले असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी तो कागद, आणि त्याबरोबर मुलाला भरविणाऱ्या आईला किंवा आजीला, घेऊन या विषयातील जाणत्या डॉक्टरांकडे एकदा जावे. घरच्या घरी घास भरवून पाहण्याचे धाडस मात्र कोणी करू नये, कारण त्या यादीतील एखादी नोंद खरीही असू शकते. आणि ती खरी असेल तर ॲड्रेनलिनचे इंजेक्शन पहिल्या काही मिनिटांतच द्यावे लागते.